मिस्त्रीचा ढाळ

सोनईतल्या कापसाच्या रिकाम्या वखारीत स्पीड स्केटिंगचा ट्रॅक झाला. गहिनीनाथ मिस्त्रीने सिमेंटचा कोबा आरशासारखा घोटला होता. पहिल्याच दिवशी सायलीने पायातला स्केट काढून खाली ठेवला, तर तो आपोआप दाराकडे निघाला. "मिस्त्री, ढाळ कशाला दिलात?" तिचे स्केटिंगचे सर ओरडले. "मग धुतल्यावर पानी कुठनं जायाचं?" "इथं कोण धुणी धुणार आहे? आता वेळ नाही, महिन्याभराने नगरची स्पर्धा झाली की कोबा फोडा!" मिस्त्रीचं तोंड उतरलं. ढाळाशिवाय त्याने जन्मात साधा ओटासुद्धा बांधला नव्हता. सायली महिनाभर त्यावरच पळाली. दाराकडे उतार, परतताना चढ. नगरच्या स्पर्धेत तिने सगळ्यांना मागे टाकलं. कप घेऊन परतली तेव्हा मिस्त्री घन घेऊन दारातच उभा होता. "काका, तिथं चढच न्हवता!" ती म्हणाली. सरांनी घन काढून घेतला. "मिस्त्री, अजून थोडा ढाळ वाढवता येईल का?"