भोंगे बंद करा

"मुलीला काय झालंय म्हणून सांगू?" यात्रेच्या मांडवात बसलेल्या माईकवाल्याने विचारलं.

"ऑटिझम आहे तिला. स्वमग्न म्हणतात," शालन धापा टाकत म्हणाली.

"ते इथं कुणाला कळणार, वहिनी?" त्याने माईक तोंडाशी नेला. "वेडसर मुलगी हरवली आहे! पिवळा फ्रॉक, बोलत नाही. दिसली की घट्ट धरून ठेवा!"

अनोळखी हात लागला की केतकी जीव मुठीत घेऊन पळत सुटायची, समोर काय आहे तेही न बघता. आणि पाळण्यांच्या मागे घाट होता, घाटाखाली डोह.

तिने माईक हिसकावून घेतला. "धरू नका तिला! वेडी नाही ती. तिला सगळं कळतं, पण हा गोंगाट तिला सोसत नाही. कुणी अंगाला हात लावला की जास्तच घाबरते. दिसली तर हाका मारू नका, नुसते जवळ थांबा. आणि पाया पडते, सगळे भोंगे बंद करा. हासुद्धा."

एकेक करत भोंगे गप्प झाले. पाळणेही थांबले. इतकं शांत झालं की शालनला नदीचा आवाज ऐकू आला, तशी ती घाटाकडे धावत सुटली.

केतकी शेवटच्या पायरीवर बसली होती, पाय पाण्यात, दोन्ही हात कानांवर. माणसं वरच थांबली होती. फक्त बांगड्या विकणारी एक म्हातारी खाली उतरली होती. केतकीला न शिवता, तिच्या आणि डोहाच्या मधे, कमरेएवढ्या पाण्यात ती नुसती उभी होती.