लावलेलं दार

सविता स्टुलावर चढली आणि दोन नंबरच्या खोलीच्या सरकत्या दाराला तिने ड्रिल लावलं. पहिला स्क्रू खाली पडला तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी उठून उभी राहिली.

"आंटी, कॅनॉट लाह."

"हे दार मी केलंय," सविता इंग्रजीत म्हणाली आणि दुसऱ्या स्क्रूला लागली. मुलगी घाबरून मालकीणबाईंना बोलवायला आत पळाली.

क्वीन्सटाउनमधल्या या फिजिओथेरपी क्लिनिकचं सगळं सुतारकाम सविताच्या कंपनीचं. कंपनी म्हणजे ती आणि चार कामगार. पार्टिशन, कपाटं, चालायला शिकवायच्या खोलीतले कठडे, सहा दारं. क्लिनिक सुरू होऊन साडेतीन महिने झाले होते आणि निम्मे पैसे अजून यायचे होते. मालकीण मैत्रेयी पुण्याची. भाव ठरवताना म्हणाली होती, "आपल्या माणसांत काय ताणायचं, सविताताई." मग दर फोनला नवं काहीतरी. रंगाची छटा वेगळी आली. अकाउंटंट रजेवर आहे. आता तर ती फोनच उचलत नव्हती. कामगारांचे पगार थकू नयेत म्हणून सविताने काल लॉरी विकली. आज ती ड्रिल पिशवीत घालून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, आली होती.

वकिलाने सकाळीच बजावलं होतं. "काही देशांत बांधकाम करणाऱ्याला थेट मालमत्तेवर बोजा चढवता येतो. इथे नाही. भिंतीला लावलं की ते त्यांचं. तुम्ही लेखी पेमेंट क्लेम द्या आणि पोच घ्या. एकवीस दिवसांत त्यांना उत्तर द्यावं लागतं, मग नंतर नवी कारणं काढता येत नाहीत. पण तिथल्या एका खिळ्यालाही हात लावू नका. काम अपुरं आहे म्हणायला त्यांना आयतं कारण मिळेल."

क्लेमचा कागद पिशवीत होता. तेवढा देऊन माघारी फिरायचं, हे मात्र तिच्या हातांना पटत नव्हतं.

खोलीत अंधार होता, आत कुणी नसेल म्हणून तिने हेच दार निवडलं होतं. शेवटचा स्क्रू निघाला. दाराचं वजन अंगावर आलं. तिने ते दोन्ही हातांनी कवटाळून बाजूला घेतलं.

आत पलंगावर एक चिनी म्हातारी पालथी झोपली होती. कमरेवर शेकायची पिशवी, पाठ उघडी. तिने मान वळवली. आधी तिने सविताकडे पाहिलं, मग सविताच्या मागे, बाकावर बसलेल्या दोन पुरुषांकडे. टॉवेल तिच्या हाताला पोचेना.

सविताने दार तसंच उचललं आणि उघड्या चौकटीसमोर उभं धरलं. आता तिला हलता येत नव्हतं. सोडलं तर दार पडणार, किंवा म्हातारी उघडी पडणार.

तेवढ्यात मैत्रेयी आली.

"हे काय चाललंय, सविताताई? मी पोलिसांना बोलावतेय."

"बोलवा. पण आधी इकडून धरा. आत त्या बाई आहेत."

मैत्रेयीने पाहिलं आणि मुकाट्याने दार धरलं. सविता स्टुलावर चढली.

"किती जड आहे हे," मैत्रेयी म्हणाली.

"भरीव आहे. तुम्हीच सांगितलं होतंत, आतलं बाहेर ऐकू जाता कामा नये."

"पेशंटसमोर असला तमाशा करतात? मी देणारच होते तुमचे पैसे."

"केव्हा?" सविताने स्क्रू लावला. ती आता इंग्रजीत बोलत होती, सगळ्यांना कळेल असं. "फोन उचलला असतात तर फोनवरच विचारलं असतं. माझी माणसं बारा-बारा तास या भिंतींशी उभी होती. त्यांना मी काय सांगू, छटा वेगळी आली म्हणून?"

"हळू बोला."

"नाही बोलणार."

आतून म्हातारीने इंग्रजीत विचारलं, "हे दार हिने बनवलं?"

"हो, आंटी," सविता म्हणाली. "सगळी दारं."

"डॉक्टर, हिला पैसे दिले की नाही?"

बाकावरच्या दोघांपैकी एकाने हातातला फोन खाली ठेवला.

"मी दहा वेळचे आधी भरले," म्हातारी म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, पॅकेज आहे, आधी भरावे लागतात."

शेवटचा स्क्रू घट्ट बसला. सविता खाली उतरली, दार एकदा सरकवून पाहिलं, आणि पिशवीतून कागद काढून मैत्रेयीपुढे धरला. दोन प्रती, वर पेन.

"पोच द्या. तारीख घाला."

"मी आत्ता सही करणार नाही."

"मग हिच्याकडून घेते," सविता म्हणाली आणि कागद रिसेप्शनच्या टेबलावर ठेवला. मुलीने मैत्रेयीकडे पाहिलं. मग बाकाकडे पाहिलं. तिने ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि रोजच्या टपालावर मारायची तसा दोन्ही प्रतींवर मारला.

मैत्रेयीच्या मानेवर लाल चट्टे उमटले होते. "एकवीस दिवस आहेत ना मला? बघू मग."

"बघा."

सविताने स्टूल जागेवर नेऊन ठेवलं, आपली प्रत घडी न घालता पिशवीत सरकवली आणि दोन नंबरचं दार बोटभर उघडं राहिलं होतं ते लावायला वळली. फटीतून म्हातारीचा एक डोळा दिसला. टॉवेल आता खांद्यापर्यंत ओढलेला होता.

"डोन्ट वरी लाह," म्हातारी म्हणाली. "एव्हरी ट्यूजडे आय कम. एव्हरी ट्यूजडे आय आस्क हर."