पिवळं कार्ड

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा डावा डोळा झाकला आणि विचारलं, "किती बोटं?"

"कुठायत बोटं?" घड्याळवाला म्हणाला.

उजवा डोळा म्हणजे त्याचं पोट. पंचवीस वर्षं त्याच डोळ्याला भिंग लावून तो केसाएवढे स्क्रू बसवत आला होता. तीन महिन्यांपूर्वी धूसर दिसायला लागलं, तेव्हा गडी डोळ्यावर नाही, भिंगावर चिडला. एकामागून एक तीन भिंगं बदलली. तळहातांवर लाल चट्टे उठले, तेही त्याने घड्याळं धुवायच्या रॉकेलच्या माथी मारले.

"रक्तात सिफिलिस निघालाय, म्हणजे गरमी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण माझी एचआयव्हीची एकही गोळी चुकलेली नाही!"

"त्या गोळ्या त्या आजाराच्या. हा वेगळा. आणि एचआयव्ही असला की हा लवकर डोळ्यात, मेंदूत शिरू शकतो. तपासणी कधी केली होतीत?"

वर्ष उलटून गेलं होतं. दुकान बंद नको, म्हणून दोघांच्या गोळ्या बायकोच आणायची.

"उद्यापासून चौदा दिवस भरती व्हा. डावा वाचवायचा प्रयत्न करू. उजव्याचं मी काही सांगत नाही." मग त्यांनी एक पिवळं कार्ड दिलं. "हे बायकोला द्या. आजाराचं नाव नाही त्यावर. जोडीदाराने तपासणीला यावं, एवढंच."

कार्ड खिशात घालून तो घरी निघाला. एचआयव्हीही त्यानेच घरात आणला होता. नऊ वर्षांपूर्वी ते कळलं, तेव्हा त्याने तोंड लपवलं नव्हतं, बायकोसमोर बसून सगळं सांगितलं होतं. ती आठ दिवस बोलली नाही. मग दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात ठेवू लागली. दोघांनाही आहेच, आता आणखी काय व्हायचंय, म्हणून त्यांनी निरोधही सोडून दिला. सहा महिन्यांपूर्वी सुटे भाग आणायला परगावी गेला आणि घसरला. एकदाच. ते मात्र त्याने पोटात ठेवलं होतं.

बायको सासरी गेलेल्या मुलीच्या खोलीत चादर बदलत होती. हल्ली ती तिथेच झोपायची. "तुमच्या घोरण्याने भिंती हलतात," म्हणायची. तोही हसायचा.

त्याने उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. परगावचंही, डोळ्याचंही. कार्ड पुढे केलं.

ती ओरडली नाही. कपाटातल्या साड्यांखाली हात घातला आणि तसंच एक पिवळं कार्ड त्याच्या हातात ठेवलं. सवयीने त्याने ते उजव्या डोळ्यापाशी नेलं. मग डाव्या. अक्षरं नुसती वळवळत होती.

"वाच."

"जोडीदाराने त्वरित तपासणीस यावे," तिने वाचलं. "तारीख चार महिन्यांपूर्वीची. गोळ्या आणायला गेले होते, तेव्हा माझ्याही रक्तात निघालं. माझी इंजेक्शनं कधीच झाली."

"मग मला दिलं का नाहीस?"

ती पलंगाच्या कडेला मटकन बसली.

"डोळ्यावर जाईल हे कुठे माहीत होतं हो मला? मागच्या वेळी तुम्ही स्वतःहून सांगितलं होतंत. म्हटलं, याही वेळी सांगाल. रोज वाट बघत होते."