चमचाभर मत

"मीठ जरा मागं राहिलंय," सूरकाका म्हणाले, "आणि मिरी उगाच पुढं पळतेय."

आचारी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता, चमच्याकडे नाही. त्यानं सॉसमध्ये थोडं मीठ, थोडी साय घातली आणि दुसरा चमचा पुढे केला. काकांनी डोळे मिटले.

"आता सूर लागला."

पब उघडायला अजून तासभर होता. तांब्याच्या दिव्यांवर सकाळचं तिरपं ऊन थबकलं होतं. काळ्या लाकडाच्या काउंटरमागे बाटल्या आपापला रंग सांभाळून उभ्या होत्या आणि कोपऱ्यात तो जुना पियानो होता. त्याच्या तारा जुळवायला काका वर्षानुवर्षं इथे येत. सगळी गल्ली त्यांना सूरकाका म्हणे, ते त्यामुळेच.

गेल्या हिवाळ्यात आचारी तापानं तीन आठवडे अंथरुणाला खिळला होता. बरा होऊन आला त्याच दिवशी त्यानं काकांना गाठलं होतं. "कान एवढा तयार, तर जीभही असणारच. रोज अकराला येत जा, चाखायला." तेव्हापासून आधी चाखणं आणि मग दुपारचं गरम जेवण. पत्नी गेल्यावर काकांच्या घरची शेगडी फक्त चहापुरती पेटत असे.

"परवा लेकीकडे गेलात ते दोन दिवस राहिलात," आचारी म्हणाला. "फार चुकल्यासारखं झालं, काका."

"पुरे रे! तिकडे दूध करपतंय, आधी ते बघ."

आचारी धावला. "बोलण्याच्या नादात राहिलंच," तो हसून म्हणाला.

जेवून निघालेले काका टोपीसाठी परत फिरले. आतून आचाऱ्याच्या बहिणीचा आवाज येत होता. पब तिचा होता.

"काकांना जन्मभर जेवू घाल, माझी ना नाही. पण सल्ला घेतल्याचं सोंग कशाला? स्वतःच्या कामाकडे लक्ष दे. परवा लागोपाठ दोन दिवस ताटं परत आली. उद्या चाळीस जणांचं जेवण आहे. उद्याही तसंच झालं, तर सख्खा भाऊ असलास तरी मी दुसरा आचारी बघेन."

"असू दे गं," आचारी म्हणाला. "तेवढंच त्यांना बरं वाटतं."

काका टोपी न घेताच घरी आले.

म्हणजे ते दान होतं. त्यांच्या जिभेची, कानाची, उरल्यासुरल्या शहाणपणाची कुणालाच गरज नव्हती. एका म्हाताऱ्याचा मान न दुखवता त्याला वाढलेलं ते ताट होतं. रात्रभर ते शब्द ढिल्या तारेसारखे त्यांच्या मनात कुरकुरत राहिले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले आणि काका खुर्चीतून उठले नाहीत.

साडेअकराला दार वाजलं. आचारी धापा टाकत उभा होता, एका हातात काकांची टोपी, दुसऱ्यात झाकणाचा डबा.

"तब्येत बरी आहे ना? सगळे खोळंबलेत. चमचाभर चाखा फक्त."

"तुझ्या मनाला येईल ते वाढ. मला कशाला विचारतोस?"

"काका, पाया पडतो. एकच चमचा."

काय हा अभिनय, काकांना वाटलं. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सॉस नव्हता तो, नुसतं मीठ होतं. जीभ चरचरली. म्हणजे आज परीक्षाच घ्यायची होती तर! म्हाताऱ्याला खरंच चव कळते, की जेवणापायी मान डोलावतो, हे त्या बहीणभावांना एकदा पाहायचं होतं. ठीक आहे. मिळू दे त्यांना हवं ते उत्तर. पुन्हा त्या दाराची पायरी चढायची नाही.

"उत्तम," काका थंडपणे म्हणाले. "काही कमी नाही, काही जास्त नाही. वाढ जा."

आचाऱ्याचे खांदे एकदम सैल झाले. "सुटलो बघा! सकाळपासून काही खाल्लेलं नाही. आता मीही सुखानं दोन घास खातो."

त्यानं चमचा डब्यात बुडवला, काठोकाठ भरला आणि तोंडात घातला. मग दुसरा. मग तिसरा. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.