दाराजवळचा कोपरा

मी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करतो. या वेळी घर माझ्या मुलीचंच होतं. रसायनाचे हात मारले, ते सुकू दिले, मोरीच्या जाळीला बूच घातलं आणि चार बोटं पाणी भरलं. भिंतीवर पेन्सिलने खूण केली. दोन दिवसांत पाणी खुणेखाली उतरलं नाही, तरच टाइल्स लावायच्या.

“सगळीकडे दोन हात मारलेत ना?” टाइल्सवाल्या मिस्त्रींनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो. दाराजवळच्या कोपऱ्यात एकच मारला होता. बायको गेल्यापासून माझं असंच चाललंय. हात काम करतात, मी तिथे नसतो.

दुसऱ्या दिवशी पाणी खुणेवरच होतं. भिंती अजून नुसत्या सिमेंटच्या. पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबातल्या भिंतींवर मात्र टाइल्स होत्या, आणि त्याही जुन्या, पिवळट पडलेल्या. मी दोनदा वर-खाली पाहिलं. मला काहीच वाटलं नाही. दार लोटून घरी गेलो, जेवलो, झोपलो.

तिसऱ्या दिवशी मुलगी घर बघायला आली. ती बाथरूमच्या दारात माझ्या मागे उभी राहून पडद्यांच्या रंगाबद्दल बोलत होती.

पाण्यातल्या त्या जुन्या टाइल्सपाशी पांढऱ्या केसांची एक बाई उकिडवी बसून फडक्याने तोच कोपरा टिपत होती. हात ओले म्हणून तिने मनगटाने बट मागे सारली. माझी मुलगी लहानपणापासून तशीच सारते.

“बाबा, झालं ना सगळं?” मुलीने मागून विचारलं.

“झालं.”

बाईने फडकं पिळलं. थेंब पडलेले मला ऐकू आले. मग मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं.

“बाबा,” ती म्हणाली, “हा कोपरा राहिलाय.”