बारीक फणी

नीलम बर्फीचं तोंड ओढणीने बांधत होती. दुकानासमोर बर्फीला न्यायला आलेल्या भरतची जीप सुरूच होती. आज बर्फी डिंगोऱ्याच्या मळ्यावर जायची होती, आणि त्या मळ्यावरची तीन कुत्री बिबट्याने याच उन्हाळ्यात उचलली होती. उसाच्या कडेला ही पांढरीशुभ्र पॉमेरियन किती दिवस टिकेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“आटप,” गल्ल्यावरून तिचे वडील भंवरलाल शेठ म्हणाले. काल संध्याकाळी बर्फी त्यांना चावली होती. उजव्या हाताला पट्टी होती. “मी हात पण नाही लावला तिला. नुसता जवळून गेलो, तर चावली. असलं माथेफिरू जनावर घरात नको.”

राग आला की शेठ खिशातली काळी फणी काढून मिशांवरून फिरवत. आज हात खिशापर्यंत गेला आणि रिकामाच परत आला. पट्टीमुळे असेल, असं नीलमला वाटलं. तिला बापाचा संताप आला होता. थोरल्या भावाने, बंटीने पुण्याहून बर्फी आणली त्या दिवसापासून, चार वर्षं, त्यांचं एकच पालुपद होतं, ‘हिला माझ्यापासून लांब ठेवा.’ आता एकदाची ती लांब जाणार होती.

तेल न्यायला आलेली कुशाबाई पायरीवरच थबकली. तिचा सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. तिने बर्फीच्या कानामागे बोट लावलं तशी कुत्री कळवळली.

“चावंल न्हाई तर काय करंल? हितं बघ पोरी.”

नीलमला काहीच दिसेना. वरून केस कसे रेशमासारखे होते. कुशाबाईने फतकल मारली, केस उलटे धरले आणि एकेक थर बाजूला करत ती कातडीपर्यंत गेली. कानामागे लोकरीचा घट्ट गोळा झाला होता. खालची कातडी लालबुंद होती.

“हिचं केस दुहेरी. वर लांब, आत लोकर. अशीला मोठ्या दातांची फणी लागती, ती बी मुळापास्नं. बारीक फणीनं वरवर इंचरलं की वर चकाकी अन् आत गठुळं. तिथं ओढलं की जीव जातो बिचारीचा.”

“पण मावशी, हिला कुणी विंचरतच नाही. मी फक्त अंघोळ घालते.”

“कुनीतरी रोज इंचरतंय,” कुशाबाई म्हणाली. “लई मायेनं.”

भरतने हॉर्न वाजवला. शेठ एकदम ओरडले, “कुशाबाई, तेल घ्या आणि निघा! जीपला उशीर होतोय.”

कुशाबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नीलमकडून कात्री मागून घेतली, गोळा अलगद कापला आणि तळहातावर उकलला. आतून प्लास्टिकचे दोन काळे दात निघाले.

नीलमने वर पाहिलं. पट्टी बांधलेला हात शेठनी खिशावर घट्ट दाबून धरला होता.

शेठ गल्ल्यावरून उतरले. भरतला त्यांनी हातानेच ‘जा’ म्हटलं. बर्फीपुढे उकिडवे बसून ओढणीची गाठ सोडू लागले आणि मान वर न करता म्हणाले,

“कुशाबाई, मोठ्या म्हणजे... केवढ्या दातांची?”