मामांचं तोंड

मामांनी आ केला, पण बोलणं काही थांबवलं नाही.

"उअव्या आलात अघ," ते म्हणाले. म्हणजे उजव्या गालात बघ.

भाचीने प्रयोगशाळेतला दिवा जवळ ओढला आणि आरसा आत घातला. उजवा गाल, डावा गाल, जिभेखाली. सगळं गुलाबी, ओलसर, गुळगुळीत.

तोंडाच्या आतल्या अस्तराला एक चिवट आजार होतो. शरीराच्या पहारेकरी पेशी घरच्याच माणसांना चोर समजतात आणि एकमेकांना हाका मारून गोळा करतात. हाका थांबत नाहीत, म्हणून आगही थांबत नाही. भाची त्या हाकांचा अभ्यास करत होती. आजारी तोंडातल्या हाका मोजायच्या, तर तुलनेला एखादं धडधाकट तोंडही लागतं. म्हणून मागच्या आठवड्यात तिने मामांच्या गालाचा नमुना घेतला होता. मामांनी मात्र सगळ्या नात्यात सांगून टाकलं होतं की आपल्या आजारावर संशोधन चालू आहे.

"मामा, तुमच्या पेशी एकमेकींशी चकार शब्द बोलत नाहीत," भाची म्हणाली. "इतकं शांत तोंड मी आजवर पाहिलेलं नाही."

पलीकडच्या टेबलावरच्या तंत्रज्ञाने घाईघाईने पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

मामांचा चेहरा पडला. पित्तवाल्या डॉक्टरने परत पाठवलं होतं, पाठीवाल्याने परत पाठवलं होतं, गुडघेवाल्याने तर पुन्हा येऊ नका असंच सांगितलं होतं. आता घरची पोरही उलटली.

"नीट विचार तरी," ते म्हणाले. "तुम्ही लोक विचारत नाही, म्हणून सापडत नाही."

भाचीने खुर्ची पुढे ओढली. "बरं. तिखट खाल्लं की आग होते?"

"होणारच. तिखट आहे ते."

"दात घासताना चुरचुरतं?"

"तेव्हा कुठं लक्ष असतं. मी बोलत असतो ना."

"गालाच्या आत जिभेला खरखरीत लागतं? जाळी विणल्यासारखं?"

मामा जीभ फिरवून बघू लागले. दाराजवळच्या स्टुलावर मामी मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत मामांची औषधं होती. प्रत्येक प्रश्नाला त्या हळूच मान डोलावत होत्या. नवऱ्याला दुजोरा देतायत, असं भाचीला वाटलं.

मामांची जीभ गालात अडकलेली पाहून मामींनी संधी साधली.

"माझ्या तोंडात बघतेस का गं जरा?" त्या म्हणाल्या. "तू जे जे विचारलंस ना, ते सगळं मला होतंय. बरीच वर्षं झाली."

भाचीने दिवा वळवला. दोन्ही गालांच्या आत पांढऱ्या रेघांची नाजूक जाळी होती आणि जाळीच्या मधोमध लालभडक.

"मामी, अगं, कधी बोलली कशी नाहीस?"

"बोलणार होते," मामी म्हणाल्या. "पण आधी यांचं संपू दे म्हटलं."

मामा उठून दिव्यापाशी आले आणि वाकून आत बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि, खरं सांगायचं तर, थोडा हेवाही. मग हेवा ओसरला.

"फार दुखतं का गं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहिले.